आई जिन्यात का थांबायची

१२ जानेवारी

ताई,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. आरामखुर्चीत बसून, मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहितोय. टेबलाशी बसलो की ही येऊन पाठीला उशी लावते, बाबा येऊन पायाखाली स्टूल सरकवतात, आणि मग माझे हातच टेबलापर्यंत पोचत नाहीत.

सध्या बोलण्यापेक्षा लिहिणं बरं पडतं. बोलताना वाक्याच्या मध्येच धाप लागते. घाबरू नकोस. चार दिवस हॉस्पिटलात होतो, आता घरी आलोय. (हिने मागून वाचलं आणि म्हणाली, "चार दिवस? खरं लिहा की." बरं, चारपेक्षा बरेच जास्त होते.)

झालं काय, थंडी सुरू झाल्यापासून मला दम लागत होता. मी म्हटलं, इतकी वर्षं पीठ नाकातोंडात जातंय, लागणारच. मग संध्याकाळी बूट पायात जाईनात. मी म्हटलं, बूट आटले. ही म्हणाली, "चामडं आटतं, पण तुमच्या पायावर मोज्याचे वळ कसे उठतात?" मी विषय बदलला. मग एका सकाळी भट्टीतून ट्रे काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ट्रेसकट खाली बसलो. फरशीभर पाव. मी शुद्धीवर आलो तेव्हा म्हणे पहिलं वाक्य बोललो, "बाबा, आधी पाव उचला." बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाव तसेच पडू दिले.

डॉक्टरांनी अँजिओग्राफी आणि सोनोग्राफी करून सांगितलं की हृदयाच्या नळ्या साफ आहेत, स्नायूच कमजोर झालाय. ताणून ताणून पातळ झालाय, त्यामुळे हृदय मोठं दिसतं पण रक्त ढकलायची ताकद कमी. थोडक्यात, फुगलंय. ऐकलंस? लहानपणी तू मला फुगा म्हणायचीस. आता आतूनही फुगा झालो. डॉक्टरांना मी हे सांगितलं, ते हसले नाहीत. तिथली सिस्टर हसली.

या सिस्टरबद्दल तुला सांगायलाच हवं. उंच बाई, आवाज असा की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाचा पेशंटही आपली गोळी घेऊन टाकतो. आम्ही सगळे तिला हेडमास्तरीण म्हणायचो. घरी सोडायच्या दिवशी तिने मला, हिला आणि बाबांना समोर बसवलं आणि म्हणाली, "घरी चाललात म्हणजे आजार संपला, असं डोक्यातून काढा. इथे मी लक्ष ठेवत होते. घरी तुम्ही ठेवायचं." रोज सकाळी उठून, काही खायच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पोट सुटलेलं नसतं, अंगात पाणी साठलेलं असतं. तिला फोन करायचा. मीठ जवळजवळ बंद. पाणीसुद्धा मोजून. गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही आणि अंग दुखलं म्हणून दुकानातून दुसरी आणायची नाही. पिठाच्या पोत्याला हात लावायचा नाही. खुर्चीतून उठताना आधी बसल्या बसल्या दोन क्षण थांबायचं.

मग तिने विचारलं, "झोपताना उशा किती घेता?"

मी म्हटलं, एक.

ही म्हणाली, "खोटं. तीन. आणि तिसरी माझी आहे."

सिस्टर म्हणाली, "आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून माणूस उशा वाढवत जातो. त्याचं त्यालाही कळत नाही."

तेव्हापासून आईच्या उशा डोळ्यांपुढून हलत नाहीत. आठवतात ना तुला? निळ्या अभ्र्यांच्या, भिंतीला टेकवून रचलेल्या. ती त्यांना टेकून बसल्या बसल्या झोपायची आणि आपण विचारलं की म्हणायची, "राण्या आडव्या झोपत नाहीत." आपण दोघं तिच्या पायाशी प्रधान आणि सेनापती. प्रधान व्हायला तू नेहमी मला चिमटे काढायचीस.

उगाच आठवलं. दिवसभर बसून राहिलं की माणूस मागेच जातो.

बाकी सगळं छान. बाबा बरे आहेत. तू विचारत नाहीस, तरी दर वेळी सांगतो.

तुझा
फुगा


३० जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, त्यातली एक पत्त्याची. तरी बरं वाटलं. "काळजी घे, जुनं उकरू नकोस" असं लिहिलंयस. काळजी घेतोय. दुसऱ्याचं वचन देत नाही.

माझा मुक्काम सध्या खाली, पिठाच्या खोलीत. वर-खाली करायचं नाही म्हणून बाबांनी पोती एका भिंतीला लावली आणि खाट टाकली. ताई, या खोलीत झोपून बघ एकदा. तोच वास, तोच उंचावरचा झरोका. याच पोत्यांवरून आपण घसरायचो आणि पांढरेफटक होऊन वर जायचो. आई दारातच उभी राहून आपल्याला झटकायची, गालिचे झटकतात तशी. आणि "माझी मुलं कुठायत? ही दोन भुतं कुणाची?" म्हणून खोटं खोटं रडायची. मला ते रडणं खरं वाटायचं. मी "मीच आहे गं" म्हणून ओरडायचो.

बाबांनी मिठाचा ताबा घेतलाय. डबा स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवतात. माझ्यासाठी बिनमिठाचा पाव वेगळा भाजतात. पहिला भाजला तेव्हा मी एक घास घेतला आणि विचारलं, "हा पुठ्ठ्याच्या खोक्याचा केलात का?" त्यांनी दुसऱ्या दिवशी पीठ जास्त वेळ फुगवलं, वर तीळ लावले. चांगला लागला. ऐंशीला टेकलेला माणूस एवढी वर्षं एकाच पद्धतीने पाव करतोय, आणि आता माझ्यासाठी नव्याने शिकतोय. शेजारच्या बाईंनी "हृदयाच्या पेशंटचं वेगळं मीठ" म्हणून एक पुडी आणून दिली, तर बाबांनी आधी सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, ते तर मुळीच नको, तुमच्या गोळ्यांबरोबर ते घातक ठरेल. बाबांनी पुडी परत करताना बाईंकडे असं काही बघितलं की त्या दोन दिवस पाव न्यायला आल्या नाहीत.

रविवारी मात्र मला वर जायची परवानगी आहे, न्हायला आणि घरात बसायला. हेडमास्तरणीने जिना चढायचा धडा दिलाय. सावकाश चढायचं आणि चढताना बोलून बघायचं. बोलता येईना की थांबायचं, लाज वाटून घ्यायची नाही.

काल तसा चढत होतो. ही पुढे, बाबा मागे. पहिल्या वळणावर, खिडकीपाशी, माझं बोलणं तुटलं. थांबलो. खिडकीतून शिंप्याची गच्ची दिसते, अजून तशीच आहे, वाळत घातलेल्या चिंध्यांसकट. आणि ताई, मला ती कोंबडी आठवली.

पोहायला शिकायचं होतं त्या कोंबडीला! आई प्रत्येक वळणावर थांबून तिची गोष्ट पुढे सरकवायची. एका वळणावर कोंबडी तळ्यापाशी पोचायची, दुसऱ्यावर बदकाकडे अर्ज करायची, तिसऱ्यावर पाणी थंड आहे म्हणून परत यायची. आपल्याला वाटायचं, आपली आई किती मजेशीर, जिन्यातसुद्धा गोष्ट सांगते. खालच्या मजल्यावरचे काका म्हणायचे, "बाई, तुमची कोंबडी आज तरी भिजली का?"

काल तिथे उभा राहून धाप टाकताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आई चढताना कधीच बोलायची नाही. चढताना गप्प. थांबली की मात्र आधी खिडकीबाहेर बघायची, बराच वेळ, जणू पुढचं आठवतेय. मग हळूच सुरू करायची.

मी बाबांकडे वळून बघितलं. ते खिडकीकडे बघत होते. म्हटलं, "आई इथेच थांबायची ना?" ते म्हणाले, "चल, वारा लागतोय."

तुझी आठवण काय म्हणते? लिही. तीन ओळी तरी.

फुगा


२२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र बसून वाच. पूर्ण वाचल्याशिवाय फाडू नकोस.

मंगळवारी तपासणीला गेलो होतो. वजन ठीक, सूज उतरलीय. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. मग सिस्टरने आम्हाला तिच्या खोलीत बोलावलं. टेबलावर रबराचा एक माणूस पडलेला होता, छातीपर्यंतचाच. म्हणाली, "या आजारात कधी कधी हृदयाचे ठोके एकदम बिघडतात. माणूस कोसळतो. तेव्हा मी तिथे नसेन. घरातल्या माणसाला हे यायला हवं." माझ्यासमोर सांगितलं. मला वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं. सगळे माझ्या मागे कुजबुजतात, ही तोंडावर बोलते.

आधी हिने केलं. मग सिस्टर म्हणाली, "आजोबा, तुम्ही बघितलंत तरी चालेल." बाबांनी स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला आणि पुढे झाले.

"तळहात छातीच्या मधोमध. दुसरा हात त्यावर. कोपर ताठ. जोरात दाबायचं, भरभर, आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही."

बाबांचे हात तुला आठवत असतील. आयुष्यभर कणीक मळलेले हात. सिस्टरसुद्धा बघत राहिली, म्हणाली, "वा! असंच." बाबा दाबत राहिले. ती म्हणाली, "छान, जमलं." ते दाबत राहिले. चेहरा लाल, कपाळावरून घाम रबराच्या माणसावर टपकतोय. ही म्हणाली, "बाबा, पुरे." ऐकेनात. शेवटी सिस्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, थांबा आता."

त्यांनी विचारलं, "मदत आली का?"

सिस्टर म्हणाली, "आली."

तेव्हा थांबले. खुर्चीत बसले आणि आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मला हे येत नव्हतं."

सिस्टरने पाणी दिलं. मग हळू आवाजात, तिला हळूही बोलता येतं, विचारलं, "कुणाचं म्हणताय?" मी म्हटलं, आमची आई जिन्यात कोसळून गेली, आम्ही लहान होतो तेव्हा. दमली होती, घर वर होतं. ताई, तीस-पस्तीस वर्षं मी हेच सांगत आलोय. दमून गेली. तू सांगितलेलं मी पाठ केलं होतं.

बाबा म्हणाले, "तिलाही हेच होतं. ह्याला आहे तेच."

आता पुढचं मी त्यांच्या शब्दांत लिहितो, जमेल तसं. म्हणाले, "तू झाल्यावर तिला दम लागायला लागला. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, हृदयाचा स्नायू गेलाय. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. किती दिवस मिळतील सांगता येत नाही म्हणाले. बाहेर आल्यावर तिने मला बजावलं, मुलांना कळता कामा नये. मुलं माझ्याकडे पेशंट म्हणून बघायला लागली तर मी आधीच मरेन. मी शब्द दिला."

मी विचारलं, "मग वर का आणलंत तिला? अंगणवालं घर होतं ना आपलं, एकही पायरी नसलेलं."

"मी आणलं नाही. तिने आणलं. मी अंधारात भट्टीवर यायचो, संध्याकाळी घरी. ती म्हणाली, आपण एकमेकांना दिसतो कधी? मला भट्टीच्या वर राहायचंय. मी म्हटलं, जिना आहे. म्हणाली, सावकाश चढेन, थांबत थांबत, कुणाला कळणारही नाही. डॉक्टर नको म्हणत होते, मी नको म्हणत होतो. तुझ्या आईपुढे कुणाचं चाललंय?"

 ही रडत होती. सिस्टर काही लिहीत नव्हती, नुसती बसली होती.

ताई, तू सोळाची होतीस. आईला नेलं त्या दिवशी तू सगळ्यांसमोर बाबांना म्हणालीस, "तुम्ही तिला जिने चढवून मारलंत." बाबा उभे होते, हाताला पीठ तसंच. एक शब्द बोलले नाहीत. तू मावशीकडे गेलीस आणि नंतर आली नाहीस, माझ्या लग्नालाही नाही. आणि मी दोघांच्या मधे निरोप्या झालो, निरोप नसलेला.

सिस्टरने शेवटी विचारलं, "आणखी मुलं?" बाबा म्हणाले, "एक मुलगी. ती बोलत नाही आमच्याशी." ती म्हणाली, "नका बोलू. पण तपासणी करून घ्यायला सांगा. हा आजार काही घराण्यांत उतरतो. आईला, मग मुलाला, म्हणजे मुलीलाही बघायलाच हवं. ईसीजीची पट्टी काढायची आणि हृदयाची सोनोग्राफी. दुखत नाही. आणि तिची मुलं असतील त्यांनाही."

मला मूल नाही. म्हणजे उरलात तुम्ही दोघी, तू आणि भाची.

बाबांना माफ कर असं मी म्हणत नाही. तो तुझा प्रश्न. सोनोग्राफी कर, एवढंच.

फुगा


१४ मार्च

ताई,

या वेळी दोन पानं लिहिलीस. बहुतेक सगळी रागाची, पण दोन पानं. घरात कुणाला दाखवली नाहीत.

तू म्हणतेस, आई तुला सांगितल्याशिवाय राहिलीच नसती. तू मोठी होतीस, तिच्या पोटातलं सगळं तुला कळायचं. बाबांनी म्हातारपणी स्वतःच्या समाधानासाठी रचलं आणि मी भोळा म्हणून गिळलं.

बरं. बाबांवर विश्वास ठेवू नकोस. माझ्यावरही ठेवू नकोस. तुला स्वतःला काय आठवतं ते आठव. तिच्या उशा मी नाही, तू रचायचीस. ती सांगायची, अजून एक दे. संध्याकाळी ती अंगठी काढून कोनाड्यात ठेवायची, सकाळी परत घालायची, आणि आपल्याला सांगायची की अंगठीलाही झोप लागते. गल्ल्याशी ती उंच स्टुलावर बसायची, गिऱ्हाइकाला म्हणायची, "हात लांब करा, मी महाराणी आहे, उठणार नाही." सगळे हसायचे. आपल्याला किती अभिमान वाटायचा! तिच्यासारखी आई वर्गात कुणाचीच नव्हती. मला आजही वाटतो, खरं सांगतो. आता तर जास्तच. दम लागतोय, पाय सुजलेत, आणि ही बाई त्याचे राजवाडे बांधतेय, त्यात आपल्याला प्रधान-सेनापती करून घेतेय. हेडमास्तरणीने मला सगळी लक्षणं सांगितली, आणि त्यातलं एकही असं नव्हतं ज्याचा आईने आपल्यासाठी खेळ केला नव्हता.

मला वाटायचं, हे कळल्यावर आठवणी नासतील. नासल्या नाहीत.

आता दुसऱ्या पानाकडे येतो. तुझ्या शेवटच्या परिच्छेदात, रागाच्या भरात, तू लिहिलंयस, "मलाही संध्याकाळी चपला घट्ट होतात, लिफ्ट बंद असली की दोन मजल्यांत जीव जातो, म्हणून मी काय पेशंट झाले? वय झालं, एवढंच."

ताई, वय चपलेत शिरत नाही.

मी हे वाक्य तीनदा वाचलं आणि मग मला खरंच खुर्चीला धरून बसावं लागलं. सिस्टरला फोन केला. मी काही बोलायच्या आधी ती ओरडली, "वजन वाढलं का?" म्हटलं, माझं नाही, ताईचं सांगायचंय. तुझं वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, वाट बघू नका. या आठवड्यात जा." आणि मग म्हणाली, "त्या आमच्यासारख्याच काउंटरमागे उभ्या असतात ना दिवसभर? त्यांना म्हणावं, सगळ्या गावाचे डोळे तपासता, चष्मे लावता, आता अर्धा तास स्वतः पडून राहा, दुसरं कुणी बघेल."

तुझ्या चष्म्याच्या दुकानाचं मी तिला कधी सांगितलं होतं आठवत नाही. बाबांनी सांगितलं असणार. त्यांना तुझं बारीकसारीक सगळं माहीत असतं, मी पत्रं वाचून दाखवतो ना. तुला हे सांगायचं नव्हतं. आता लिहिलं गेलं, राहू दे.

तुझा राग जपून ठेव. पण तो जपायला तू हवीस ना. आणि भाचीला घेऊन जा. ती बास्केटबॉल खेळते म्हणतेस. तिला तर आधी ने.

तुझ्यापुढे हात जोडतो. लहान भावाने आयुष्यात तुझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. एक प्रधानपद मागितलं होतं, तेही दिलं नाहीस.

फुगा


२ मे

फुग्या,

तुमच्याकडून निघाले ती घरी नीट पोचले. प्रवासात खिडकीची जागा मिळाली, पाय समोरच्या पिशवीवर ठेवले होते, म्हणजे तुझ्या हेडमास्तरणीचं मन शांत होईल. माझ्या इथली सिस्टरही तशीच आहे, फक्त ही ओरडत नाही. नुसती बघते. ते जास्त वाईट.

तू तिथे विचारलंस तेव्हा मी धड सांगितलं नाही, कारण बाबा ऐकत होते. माझं हृदय थोडं मोठं झालंय. तुझ्याइतकं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आता गोळ्या लागू पडतील, वर्षभर थांबला असतात तर गोष्ट वेगळी होती. पोरीचं सगळं नीट आहे. खेळायला मोकळी आहे, फक्त काही वर्षांनी पुन्हा पुन्हा बघत राहायचं. तिचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभी राहून एवढी रडले की पहारेकऱ्याने मला खुर्ची आणून दिली. मग म्हटलं, आता त्या घरी गेलंच पाहिजे. न कळवता आले, ते तुझ्या हृदयाला सोसलं, नशीब. तुझ्या बायकोला मात्र बजावून सांग, सरबराई इतकी करू नको म्हणावं, मी काही पाहुणी नाही. आवडली मला. तुला पुरून उरते.

आता जे सांगायचंय ते. दुपारी तू सक्तीची झोप काढत होतास आणि तुझी बायको वर होती, तेव्हा मी आणि बाबा भट्टीपाशी होतो. सकाळपासून आम्ही "चहा घेणार का" आणि "पंखा लावू का" यापलीकडे गेलो नव्हतो. ते ट्रे पुसत होते. पुसलेलेच पुन्हा. मीही एक फडकं घेतलं आणि शेजारी उभी राहून पुसायला लागले.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "बाबा, मला तरी सांगायचंत. मी एवढं बोलले तुम्हाला. तेव्हाच सांगायचंत."

ते म्हणाले, "काय सांगणार होतो? तुझ्या आईनेच तुला फसवलं, असं?"

मी पुढचा ट्रे ओढला.

म्हणाले, "तू तिच्यावर चिडली असतीस. आणि ती नव्हती, बाळ. तिच्याशी भांडायला कुठे गेली असतीस? मी होतो. म्हटलं, माझ्यावर चिडू दे."

फुग्या, मी पुसत राहिले. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, ट्रे आहे की काय आहे. मग विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही नाही चिडलात माझ्यावर?"

"चिडलो ना," म्हणाले. "चांगला चिडायचो. दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला. केक करायचो, क्रीम लावायचो, नीट सजवायचो, आणि मग राग यायचा. मग दुकानात ठेवून द्यायचो. पहिलं जे गिऱ्हाईक येईल त्याला विकून टाकायचो. लोक विचारायचे, यावर नाव का नाही? मी म्हणायचो, नाव नाही म्हणून स्वस्त."

आणि हसले. मीही हसले. दोघांनाही थांबता येईना. तू आतून ओरडलास, "काय झालं?" तर बाबा म्हणाले, "झोप तू, तुला दम लागेल."

तुला माहीत होतं का रे हे? तू कधी खाल्लास का त्यातला एखादा तुकडा? मला सगळं विचारायचंय. कसला करायचे, किती मोठा, कोण घेऊन जायचं. आता उरलेलं आयुष्य मी अनोळखी लोकांकडे बघून विचार करत बसणार, की माझा केक तुम्ही खाल्लात का.

माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, तारीख तुला ठाऊक आहे. बाबांना सांग, या वर्षी विकायचा नाही. नाव घालायचं. पोरीला घेऊन येतेय.

ताई